किड कोआलाचा 'कार्पल टनेल सिंड्रोम' : ट्रम्पेट हाताने वळवायचा म्हणजे नक्की काय करायचं?

तबकडीवाला
टर्नटेबलिस्टांची, म्हणजे टर्नटेबल वाद्यासारखं वाजवणाऱ्यांची, चर्चा सुरू झाली की ती स्क्रॅचच्या (रेकॉर्ड हाताने मागेपुढे करून आवाज काढण्याच्या) प्रकारांच्या नावांवर येऊन थांबते. बेबी, ट्रान्सफॉर्मर, फ्लेअर, क्रॅब, संपलं. पण स्पर्धेत सहा मिनिटं वाजवणं आणि स्टुडिओत बसून अख्खा अल्बम उभा करणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामाबद्दल या धाग्यात बोलू.

उदाहरण म्हणून किड कोआला घेऊ. खरं नाव एरिक सॅन, जन्म व्हँकूव्हरचा, कर्मभूमी माँट्रियल. १९९६ ची त्याची कॅसेट ऐकून निन्जा ट्यून या रेकॉर्ड कंपनीने त्याला करारबद्ध केलं आणि २००० साली 'कार्पल टनेल सिंड्रोम' आला. सोबत त्याने स्वतः काढलेलं कॉमिकही होतं. नाव मनगटातली नस दाबली जाण्याच्या दुखण्याचं, म्हणजे या धंद्यातलं व्यवसायजन्य दुखणंच.

अल्बम टर्नटेबलवर वाजवलेले थर मल्टिट्रॅकवर (अनेक आवाज वेगवेगळे भरता येणाऱ्या रेकॉर्डरवर) एकावर एक चढवून बनला आहे. 'बारहॉपर'मध्ये संवादांच्या रेकॉर्डींमधली वाक्यं तोडून बारमधला अख्खा प्रसंग उभा केलाय. 'लाइक इर्रेग्युलर चिकन्स'मध्ये कोंबड्या आहेत. पण माझ्या मते सगळ्यात अवघड तुकडा 'ड्रंक ट्रम्पेट'. मागे जॅझचा झुलता ताल, आणि पुढे ट्रम्पेटचा धरून ठेवलेला सूर हाताखाली मागेपुढे करत वाजवलेला सोलो. वेग बदलला की सूर बदलतो हे सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न असा की नेमका सूर लागतो कसा?

पेटीमास्तर
उत्तम विषय. वाचनखूण साठवली.

बाळबोध शंका : टर्नटेबलला पिचची सरकपट्टी असते आणि ३३/४५ ची बटणं असतात. तेवढ्यावर सोलो वाजत नाही का? हाताची भानगड कशाला?

आडवाफेडर
नाही वाजत, आणि का नाही ते गणिताने दाखवता येतं. त्या काळातलं सगळ्यांचं यंत्र म्हणजे टेक्निक्स एसएल-१२०० एमके२. पिच अधिक-उणे ८ टक्के.

+८ टक्के म्हणजे सूर १.३३ अर्धस्वर वर. -८ टक्के म्हणजे १.४४ अर्धस्वर खाली. ३३ वरून ४५ ला उडी मारली तर वेग १.३५ पट, म्हणजे ५.२ अर्धस्वर वर. आता ३३ वर, पट्टी शून्यावर असताना जो सूर वाजतो त्याला 'सा' धरा. ३३ वर -१.४४ ते +१.३३ एवढा टापू मिळतो, ४५ वर ३.७५ ते ६.५३. म्हणजे कोमल रे मिळाला. शुद्ध ग, शुद्ध म, तीव्र म मिळाले. शुद्ध रे, कोमल ग आणि प मधल्या खड्ड्यात किंवा टापूच्या बाहेर.

ब्लूजला लागतात सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नि. म्हणजे नेमके जे हवेत त्यांतले निम्मे नाहीत. पट्टी आधीच -८ वर ठेवून तिथे सा धरला तर ० ते २.७७ आणि ५.१९ ते ७.९७ मिळतं. आता प आला, पण कोमल ग थोडक्यात हुकला आणि शुद्ध म चढा वाजतो.

शुद्ध म हवाच असेल तर सा शून्यावर ठेवून ४५ दाबा आणि पट्टी -१.१ टक्क्यावर आणा. नुसतं ४५ केलं तर म २० सेंट (अर्धस्वराचा पाचवा हिस्सा) चढा लागतो. मागे पियानो असेल तर तो लगेच कानाला टोचतो.

खर्जातला_नाद
आडवाफेडर, गणित बरोबर, पण नवीन यंत्रावर हे दुखणं नाही. २०१९ च्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके७ वर पट्टी १६ टक्क्यांवर नेता येते. ३३ वर -३.०२ ते +२.५७ आणि ४५ वर २.१८ ते ७.७७. दोन्ही टापू एकमेकांवर चढतात, मध्ये खड्डाच नाही. -१६ वर सा धरला तर कोमल निपर्यंत सगळं हाताशी.

आडवाफेडर
कागदावर हो. प्रत्यक्षात पट्टी सरकवायला आणि बटण दाबायला एक हात गेला, फेडरवर (मिक्सरवरच्या, आवाज उघड-बंद करणाऱ्या दांडीवर) दुसरा. शिवाय ३३ वरून ४५ ला जाताना थाळीला वेग पकडायला क्षणभर लागतो. फेडर उघडा असेल तर तिथे घसरत जाणारी मींड ऐकू येते, मिटला तर मोकळी जागा पडते. संथ चालीत खपून जातं, सोलोत नाही.

तबकडीवाला
आणि 'ड्रंक ट्रम्पेट'ची सगळी मजा त्या मींडेत आहे! सूर खालून चढत येतो, जरा वर जातो, मग बसतो. पट्टीने तसं होत नाही. आता हाताचं सांगतो.

३३⅓ फेऱ्या म्हणजे सेकंदाला २०० अंश. कोमल ग हवा तर वेग १.१८९ पट, म्हणजे ३९.६ फेऱ्या, सेकंदाला २३८ अंश. प साठी सुमारे ५० फेऱ्या, कोमल नि साठी ५९. बोटं रेकॉर्डवर ठेवून एका दमात हात पाव ते तिसरा हिस्सा फिरतो, ९० ते १२० अंश. म्हणजे ढकलून काढलेला कोमल ग जास्तीत जास्त अर्धा सेकंद टिकतो, त्यापुढे मनगट संपलं. आणि ढकलताना वेग एकसारखा राहत नाही, सुरुवातीला झटका आणि शेवटी ढिलाई. सूर डगमगतो.

म्हणून उपाय उलटा करायचा. ओळीतला सगळ्यात वरचा सूर थाळीच्या स्वतःच्या वेगावर ठेवायचा आणि बाकीचे सूर बोटाने दाबून खाली आणायचे. मोटर पुढे ओढत असते, बोट फक्त लगाम घालतं. कोमल ग एवढं अंतर खाली यायचं तर २८ फेऱ्या, म एवढं खाली तर २५. यात हात फिरवत न्यावा लागत नाही, लेबलच्या (रेकॉर्डच्या मधल्या कागदी गोलाच्या) कडेला बोट टेकलेलं राहतं आणि रेकॉर्ड त्याखालून सरकते. सूर हवा तितका लांबवा.

बोट कुठे टेकवायचं यालाही महत्त्व आहे. बाहेरच्या कडेला थोडा दाब दिला तरी वेग धाडकन पडतो, लेबलजवळ तोच दाब हळू काम करतो. बारीक सूर लावायचा तर लेबल, मोठी उडी घ्यायची तर कड.

रविवार_सकाळ
किंचित असहमत. खाली ओढलेला ट्रम्पेट ट्रम्पेटसारखा राहत नाही. वेग कमी झाला की नुसता सूर नाही, आवाजाचा सगळा पोतच खाली येतो. चार-पाच अर्धस्वर खाली नेला की तो ट्रॉम्बोनकडे झुकतो.

तबकडीवाला
बरोबर, आणि त्यातूनच ते 'झिंगलेलं' वाटतं. शिवाय जास्त उतरायचं असेल तर दुसरी प्रत घ्या. त्याच रेकॉर्डमध्ये जरा खालचा सूर कुठे लांबवलाय ते शोधून तिथे खुणेचा दुसरा स्टिकर लावा. दोन टर्नटेबल, दोन आधारसूर, मध्ये क्रॉसफेडर. प्रत्येकाला फक्त तीन अर्धस्वर खाली यायचंय. पोत सांभाळला जातो.

पेटीमास्तर
स्टिकरचं जरा विस्ताराने सांगाल का? प्रत्येक स्वराला फुंक परत सुरू होते, ती जागा कशी पकडायची?

आडवाफेडर
लेबल म्हणजे घड्याळ समजा. ३३⅓ वर एक फेरी १.८ सेकंदांची. बारा भाग केले तर प्रत्येक 'तास' ०.१५ सेकंदांचा. आता १०० बीपीएमच्या (मिनिटाला १०० मात्रांच्या) चालीत एक मात्रा ०.६ सेकंद, तिचा चौथा हिस्सा ०.१५. म्हणजे १०० च्या लयीत लेबलवरचा एक तास म्हणजे बरोबर पाव मात्रा आणि एक फेरी म्हणजे तीन मात्रा. १३३.३३ च्या लयीत फेरीत चार मात्रा बसतात. स्क्रॅचसाठी बनवलेल्या रेकॉर्डी याच हिशोबाने कापलेल्या असतात : आवाज दर १.८ सेकंदांनी पुन्हा येतो, त्यामुळे सुई शेजारच्या खाचेत उडाली तरी तोच आवाज त्याच जागी सापडतो.

फुंकेची सुरुवात सुईखाली आली की स्टिकर बाराला लावा. रेघ टोनआर्मकडे (सुईच्या दांडीकडे) न ठेवता डोळ्यासमोर ठेवा, नाहीतर मान वाकडी होते. सूर वाजवून झाला की फेडर बंद करून स्टिकर बाराच्या थोडा मागे, साधारण साडेअकराला न्यायचा. थाळी तेवढ्या अंतरात वेग पकडते. अगदी बाराला सोडलं तर फुंकेची पहिली धार बसकी येते.

दुसरी पद्धत : सुराच्या मधोमध राहायचं आणि फुंकेचं काम फेडरवर सोपवायचं. इथे फेडरची धार जरा बोथट लागते. स्क्रॅचसाठी आवाज एक मिलिमीटरच्या आत उघडतो, पण ट्रम्पेटला तशीच धार ठेवली तर दर स्वराला 'टक' येतं. कर्व्हची खुंटी फिरवून दोन-तीन मिलिमीटरवर आणा.

सुई_बदला
सगळे हातावर बोलताय, सुईचं कोण बोलणार?

बोटाचा लगाम घालताना सुई उडत नाही, उडते ती मागे नेताना. अँटिस्केट (टोनआर्मला बाहेरच्या बाजूला ओढणारी सोय) शून्यावर आणा, कारण ते एका दिशेने ओढतं आणि मागे नेताना तेच नडतं. सुईवरचं वजन कार्ट्रिजच्या (सुई बसते त्या डबीच्या) कागदावर दिलंय तेवढंच. शूर एम४४-७ ला १.५ ते ३ ग्रॅम, ऑर्टोफॉनच्या काँकॉर्ड एमके२ स्क्रॅचला ४. वजनाचं चक्र उलटं लावून सात-आठ ग्रॅमवर नेणारे असतात. सुई उडत नाही हे खरं, पण खाच आठवड्यात खरवडते आणि फुंकेआधी 'खस्स' असा आवाज कायमचा बसतो. आणि लांब सुराला तो आवाज लपत नाही. ड्रमच्या स्क्रॅचमध्ये लपतो.

शूरने २०१८ मध्ये कार्ट्रिजचं उत्पादनच बंद केलं. जुनं एम४४-७ असेल तर जपानच्या जिकोची सुई बसते, कार्ट्रिजचं अंग फेकून देऊ नका.

स्लिपमॅट (थाळी आणि रेकॉर्ड यांमधला घसरता कापडी गोल) पातळ हवा आणि त्याखाली गुळगुळीत प्लॅस्टिकचा गोल कापून ठेवा. जाड फेल्टवर बोट टेकलं की खालची थाळीही मंदावते, मग सोडल्यावर सूर जागेवर यायला वेळ लागतो. हीच चूक सर्रास होते आणि दोष बिचाऱ्या मोटरला दिला जातो.

खर्जातला_नाद
आता रेकॉर्डिंगकडे वळू, कारण अल्बम म्हणजे शेवटी थर.

चार ट्रॅकच्या कॅसेट-रेकॉर्डरवर हिशोब असा असायचा. तीन ट्रॅक भरा, ते मिसळून चौथ्यावर उतरवा. मग दोन भरा, तिसऱ्यावर उतरवा. मग एक भरून दुसऱ्यावर, आणि शेवटी पहिल्यावर एक. असे सात थर. प्रत्येक उतरवणीच्या वेळी एक थर थेट वाजवून त्यातच मिसळला तर दहा. पण एकदा उतरवलं की त्यातला ड्रम वर-खाली करता येत नाही, आणि दर पिढीला टेपची सरसर वाढते. म्हणून आधी जाड आवाज उतरवायचे, बारीक आणि उंच आवाज शेवटी ताजे.

आज कॉम्प्युटरवर हे बंधन नाही, पण रेकॉर्डचा स्वतःचा खरखराट आहेच. थर दुप्पट झाले की खरखराट ३ डेसिबलने वाढतो. आठ थर म्हणजे ९, सोळा थर म्हणजे १२ डेसिबल. एकेकटा ट्रॅक स्वच्छ वाटतो आणि सगळे मिळून पाऊस पडल्यासारखं. उपाय साधा : जिथे वाजत नाही तिथे ट्रॅक हाताने कापून रिकामा करा, कडांना ५-१० मिलिसेकंदांचा फेड द्या. आपोआप चालणारा गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारी सोय) लावू नका, तो लांब सुराची शेपटी खातो. आणि ३०-४० हर्ट्झखालचं सगळं उडवा. वाकड्या रेकॉर्डची लहर तिथे असते, ती ऐकू येत नाही पण कॉम्प्रेसरला (आवाजाची पातळी आवरणाऱ्या सोयीला) उगाच हलवत राहते.

टाइमकोड रेकॉर्डवर (जिच्यावर नुसता संकेत असतो आणि जिने कॉम्प्युटरमधला आवाज वळवता येतो) वाजवणार असाल तर बफर (कॉम्प्युटर आवाजाचा जो तुकडा साठवून पुढे देतो तो) १२८ सॅम्पलवर ठेवा, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला सुमारे ३ मिलिसेकंद. २५६ ला ५.८ होतात. त्यात कार्डाची येण्याजाण्याची वेळ मिळवली की हात आणि आवाज यांच्यात फट जाणवायला लागते.

रविवार_सकाळ
खरखराट काढायचाच कशाला? किड कोआलाच्या अल्बममध्ये तो आहे आणि छान वाटतो. सगळं धुऊन पुसून ठेवलं तर कीबोर्डवर वाजवलं काय आणि टर्नटेबलवर काय.

खर्जातला_नाद
एका थराचा खरखराट छान वाटतो. सोळा थरांचा नाही. कोणता ठेवायचा ते आपण ठरवावं, एवढंच. माझं मत : मुख्य सोलोचा ठेवा, बाकीच्यांचे कापा.

भोवरा
धागा एकाच अल्बमवर चाललाय म्हणून दुसरं टोक दाखवतो. डी-स्टाइल्सचा 'फँटाझ्मागोरिया', २००२. तो इन्व्हिजिबल स्क्रॅच पिकल्झ आणि बीट जंकीज या दोन्ही टोळ्यांतला. या अल्बममधला प्रत्येक आवाज स्क्रॅच केलेला आहे. ड्रम, बेस, सूर, सगळं. लूप लावून त्यावर स्क्रॅच, असा प्रकार नाही.

क्यू-बर्टचा 'वेव्ह ट्विस्टर्स' १९९८ चा. त्याला गोष्ट आहे, आणि पुढे २००१ मध्ये त्या अल्बमवर बेतलेला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट आला. म्हणजे चित्रं आवाजाच्या मागून आली, उलट नाही. आणि एक्स-एक्युशनर्सचा २००२ चा 'बिल्ट फ्रॉम स्क्रॅच' तिसऱ्या वाटेचा, पाहुणे रॅपर आणि लिंकिन पार्कची मंडळी घेऊन. ऐकायला सोपा, पण या धाग्याच्या कामाचा कमी.

पेटीमास्तर
स्क्रॅच करून ड्रम? दोन मिनिटं ताल एकसारखा कसा राहतो?

भोवरा
राहत नाही, राहू द्यायचाही नसतो. पद्धत अशी. एका रेकॉर्डवर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (करकरीत आवाजाचा छोटा ड्रम) पाव फेरीच्या अंतरावर असावेत, म्हणजे स्टिकर बाराला किक आणि तीनला स्नेअर. फेडर उघडून किक पुढे ढकलायची, लगेच बंद. बंद असतानाच स्नेअरपर्यंत न्यायचं, उघडून ढकलायचं, बंद करून परत बाराला. पहिल्यांदा ६० बीपीएमच्या आसपास करा.

इथे दोन गोष्टी बिघडतात. ढकलण्याचा वेग दर वेळी बदलतो म्हणून किक कधी जाड तर कधी पातळ येते. ज्या ठोक्याला वजन हवं, म्हणजे समेला, तिथे ढकलू नका, नुसतं सोडा. मोटर तोच वेग देते, तोच सूर येतो. मधले ठोके ढकला. दुसरं, परत नेताना फेडर पूर्ण बंद झाला नाही तर उलटी किक 'थुप्' अशी डोकावते. ती मुद्दाम आणायची असेल तर समेच्या अर्धी मात्रा आधी, फार गोड बसते. नकळत आली तर फेडर घाण झालाय. काढून कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा. मॅग्नेटिक फेडर असेल तर सहसा ही कटकट नसते.

आणि एक आग्रहाचं सांगणं : दोन आवर्तनं वाजवून कॉपी-पेस्ट करू नका. पूर्ण तीन-चार मिनिटं वाजवा. चुकलं तर ते आवर्तन परत भरा. कॉपी केलेला स्क्रॅच-ड्रम आठव्या आवर्तनाला कळतोच, कारण तीच लडखड पुन्हा त्याच जागी येते.

पेटीमास्तर
मग हे लिहून कसं ठेवतात? बोल असतात का काही?

भोवरा
जॉन कार्लुचिओ आणि सहकाऱ्यांनी बसवलेली एक लेखनपद्धत आहे. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर रेकॉर्डची फिरलेली जागा. पुढे ढकललं की रेघ वर चढते, मागे घेतलं की उतरते, फेडर बंद असेल तिथे रेघ तुटते. रेघेचा उतार जितका तीव्र तितका सूर उंच. ट्रम्पेटच्या मींडेला ही फार सोयीची, कारण वक्र रेघ म्हणजेच मींड.

तबकडीवाला
यंत्राबद्दल इथल्यांच्या कामाचं एक. जपानमधून आणलेला एसएल-१२०० फक्त १०० व्होल्टचा असतो. २३० च्या प्लगला थेट लावला की आतला ट्रान्सफॉर्मर गेला. १०० व्होल्ट देणारा स्टेपडाउन घ्या, ५० व्हीएचा पुरतो. ५० आणि ६० हर्ट्झची काळजी नको, वेग क्वार्ट्झवर बांधलेला असतो, विजेच्या लहरींवर नाही. आणि मागची जमिनीची बारीक तार मिक्सरच्या स्क्रूला कसायला विसरू नका. नाहीतर लांब सुराखाली ५० हर्ट्झचा घुंग मिसळतो.

रविवार_सकाळ
हे सगळं मराठी रेकॉर्डींवर करता येईल का? नाट्यसंगीताच्या जुन्या ७८ च्या तबकड्या बऱ्याच घरांत पडून आहेत.

सुई_बदला
तबकडीवर थेट अजिबात नको. ती लाखेची, बोटाच्या झटक्याने तडकते. त्यात ७८ ची खाच रुंद, तिला सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची १८ मायक्रॉनची सुई खाचेच्या तळाशी लोळते आणि फक्त धूळ ऐकवते. शिवाय एमके२ वर ७८ चा वेगच नाही. योग्य सुईने एकदा उतरवून घ्या, मग टाइमकोडवर वाजवा. पावसाळ्यात बुरशी आली असेल तर डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ फडकं. स्पिरिट, अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते. विनाइलच्या एलपीला थोडं चालतं, लाखेला थेंबही नाही.

हक्कांचं : भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं. पण पद आणि चाल यांचा हक्क वेगळा, रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. दोन्ही तपासा.

खर्जातला_नाद
त्याहून मोठी अडचण तंबोरा. ट्रम्पेटचा सूर वळवताना मागे काही वाजत नसावं, नाहीतर तेही वळतं. आपल्या बहुतेक मुद्रणांत सुराखाली तंबोरा किंवा ऑर्गन अखंड भरलेला असतो. कोमल ग खाली ओढला की षड्जही तेवढाच खाली. इक्वलायझरने तंबोरा निघत नाही, त्याचे उपस्वर वरपर्यंत पसरलेले असतात.

तबकडीवाला
मग सनई घ्या. मुद्रणातली नाही, एखाद्या वादकाला बसवून नुसता सूर भरून घ्या, सूरपेटी आणि साथीचा सूर बंद ठेवून. खोली कोरडी हवी, कारण प्रतिध्वनीही सुराबरोबर वळतो आणि चमत्कारिक वाटतो. कंप नको, आंदोलन नको, सरळ सूर. कंप असला तर खाली ओढताना तोही मंदावतो आणि रडका वाटतो.

मग लेथवर (रेकॉर्ड कापायच्या यंत्रावर) एकच प्रत कापून घ्या. ॲसिटेट (मऊ लेप दिलेली तबकडी) नको, थोड्याच वाजवण्यांत झिजते. प्लॅस्टिकवर कापलेली चालते. अखंड सुराचा एक फायदा आपोआप मिळतो : सुई उडून शेजारच्या खाचेत गेली तरी तिथेही तोच सूर, उडी कळतच नाही. एका बाजूला चार पट्टे मागा. पहिला नुसता अखंड सूर, दुसरा त्याच्याच चार अर्धस्वर खालचा, आणि तिसऱ्या-चौथ्यात तेच दोन सूर पण दर १.८ सेकंदांनी नवीन फुंकेसह, म्हणजे फुंक नेहमी लेबलवर एकाच तासाला येईल. प्रत्येक पट्टा दीड-दोन मिनिटांचा, आणि मध्ये रिकामी खाच जरा रुंद सोडायला सांगा, अंधारातही दिसली पाहिजे.